सुवर्णानंतरची बारा वर्षे

३ ऑगस्ट १९४८. लंडनच्या वेम्ब्ले भागातील एम्पायर पूल या बंदिस्त जलतरण तलावात ऑलिंपिकमधील पुरुषांच्या ४ × २०० मीटर फ्रीस्टाइल रिले शर्यतीची अंतिम फेरी होती. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षे लोटली होती. लंडनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग अद्याप चालू होते. खेळाडूंसाठी नवे क्रीडाग्राम उभारण्याइतके द्रव्यबळ यजमानांपाशी नव्हते. त्यामुळे पुरुष खेळाडूंची निवासव्यवस्था लष्करी छावण्यांमध्ये करण्यात आली होती. काटकसरीचे ऑलिंपिक म्हणूनच इतिहास त्याला ओळखतो. अशा त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चार तरुणांनी ही रिले ८ मिनिटे ४६.० सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम प्रस्थापित केला. हंगेरीचा संघ अवघ्या २.४ सेकंदांनी मागे राहिला.

त्या चौघांपैकी तिघांची नावे जलतरणाच्या इतिहासात ठळकपणे आढळतात. वॉली रिस याने याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले, हवाई बेटांवरून आलेल्या बिल स्मिथने ४०० मीटरचे, तर जिमी मॅक्लेनने १५०० मीटरचे. चौथ्याच्या नावावर वैयक्तिक पदक नव्हते. त्याचे नाव वॉलेस पेरी वुल्फ. मित्रमंडळी आणि वृत्तपत्रे त्याला वॉली वुल्फ म्हणत. २ ऑक्टोबर १९३० रोजी लॉस एंजेलिस येथे जन्मलेला हा मुलगा त्या दिवशी सतरा वर्षांचा होता.

आपल्याकडे ज्या वयात मुले बारावीच्या निकालाची वाट पाहतात, त्या वयात वॉली वुल्फ ऑलिंपिक विजेता आणि जागतिक विक्रमाचा वाटेकरी झाला होता. येथवरची कथा आपल्या परिचयाची आहे. लहान वयात मोठे यश मिळवणाऱ्यांचे कौतुक आपण नित्य वाचतो. माझे कुतूहल आहे ते पुढच्या बारा वर्षांविषयी. वुल्फ १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये खेळला. पदक मात्र त्याला एकच मिळाले, तेही पहिल्याच खेपेला. शिखर सतराव्या वर्षी गाठल्यावर उरलेल्या तीन ऑलिंपिकमध्ये हा माणूस काय करत होता, आणि त्या वर्षांचे मोल कसे लावायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम त्या सुवर्णपदकाविषयी थोडे. लंडनच्या स्पर्धेत अमेरिकन पुरुषांनी जलतरणाच्या सहाही शर्यती जिंकल्या. परंतु त्या तलावात एक मोठी अनुपस्थिती होती. युद्धातील भूमिकेमुळे जर्मनी आणि जपान या दोन देशांना निमंत्रण नव्हते. वुल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जो जागतिक विक्रम मोडला तो जपानचाच होता आणि १९३६ साली बर्लिनमध्ये नोंदवला गेला होता. लंडनमध्ये स्पर्धा चालू असतानाच जपानने टोकियोत आपल्या राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या. तेथे हिरोनोशिन फुरुहाशी या तरुणाने १५०० मीटर अंतर लंडनच्या सुवर्णविजेत्यापेक्षा चाळीस सेकंदांहून अधिक कमी वेळात पार केले. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९४९ मध्ये, फुरुहाशी आणि त्याचे सहकारी अमेरिकेत आले. स्पर्धा होती लॉस एंजेलिसला, म्हणजे वुल्फच्याच गावी. तेथे जपानी जलतरणपटूंनी एकामागून एक विक्रम मोडले आणि रिलेचा तो विक्रमही त्यांत होता. कालच्या शत्रुराष्ट्रातील या मुलांचे अमेरिकन प्रेक्षकांनी मनापासून स्वागत केले, ही त्या प्रसंगातील मोठी सुंदर गोष्ट.

ऑलिंपिक सुवर्णपदक कोणी परत घेत नाही. विक्रम मात्र कायमचा कोणाचाच नसतो. वुल्फच्या वाट्याला आलेला विक्रम साधारण वर्षभर टिकला. एकोणिसाव्या वाढदिवसापूर्वीच तो माजी विक्रमवीर झाला होता.

यानंतर आले १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक. मराठी वाचकांच्या मनात हे नाव कायमचे कोरले गेले आहे, ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांच्यामुळे. खाशाबाही १९४८ साली लंडनला होते. तेव्हा त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. या दोन ऑलिंपिकमध्ये खाशाबांचा आलेख वर चढला. वुल्फच्या बाबतीत त्याच दोन ऑलिंपिकमध्ये उलट घडले.

हेलसिंकीत वुल्फची निवड पुन्हा त्याच रिले शर्यतीसाठी झाली. त्या काळी बलाढ्य देश प्राथमिक फेरीत आपले दुसऱ्या फळीतील जलतरणपटू उतरवीत आणि पहिल्या फळीतील चौघांना अंतिम फेरीसाठी ताजेतवाने ठेवीत. वुल्फ प्राथमिक फेरीत पोहला. त्याच्या चमूने अमेरिकेला अंतिम फेरीत पोहोचवले. अंतिम फेरीत चार निराळे जलतरणपटू उतरले, त्यांनी शर्यत जिंकली आणि त्यांच्या गळ्यात सुवर्णपदके पडली. लंडनचा सहकारी जिमी मॅक्लेन त्या चौघांत होता. प्राथमिक फेरीत पोहलेल्यांना मात्र काहीच मिळाले नाही, कारण पदक फक्त अंतिम फेरीत पोहणाऱ्यांना द्यावयाचे, असा तेव्हाचा नियम होता. हा नियम पुढे बदलला. १९८४ पासून प्राथमिक फेरीतील जलतरणपटूंनाही पदक मिळू लागले, आणि १९८४ चे ते ऑलिंपिक भरले होते वुल्फच्या लॉस एंजेलिसमध्ये. नियम शहाणा झाला, परंतु बत्तीस वर्षांनी.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे येथे मला रोजकीर्द आणि ताळेबंद यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. दिवसभरात झालेला प्रत्येक व्यवहार रोजकीर्दीत उतरतो. तेथून तो खतावणीत जातो. वर्षअखेरीस, ३१ मार्चला, या सर्वांचे सार काढून ताळेबंद तयार होतो. भागधारक पाहतात तो ताळेबंद, वृत्तपत्रांत छापून येतो तोही ताळेबंदच. एखाद्या कारकुनाने भर पावसाळ्यात रात्री नऊपर्यंत थांबून दोन रुपयांचा फरक शोधून काढला, ही गोष्ट ताळेबंदात कधीच दिसत नाही. परंतु तो फरक सापडला नसता, तर ताळेबंद जुळलाच नसता. वुल्फची हेलसिंकीची पोहणी ही अशी रोजकीर्दीतील नोंद आहे. प्राथमिक फेरी पार झाली नसती, तर अंतिम फेरीतील चौघांना पाण्यात उतरताच आले नसते.

एकवीस वर्षांचा तरुण अशा वेळी काय करतो? आजच्या भाषेत सांगायचे तर तो निवृत्ती जाहीर करतो. सुवर्णपदक हाती आहे, विक्रम मोडला गेला आहे, नवी पिढी पुढे निघून गेली आहे. वुल्फने पाणी सोडले नाही, त्याने खेळ बदलला. जलतरण सोडून तो वॉटर पोलोकडे वळला.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून दोन शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये त्याचा उगम झाला. स्कॉटलंडमधील विल्यम विल्सन याने १८७० च्या दशकात त्याचे आरंभीचे नियम बांधले. त्याच्या नावातील ‘पोलो’ हा शब्द मात्र आपल्या हिमालयाच्या कुशीतला आहे. बाल्टी भाषेत ‘पुलु’ म्हणजे चेंडू. प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात आणि त्यांपैकी एक गोलरक्षक असतो. खेळाडूने तळाला पाय टेकवून उभे राहायचे नाही. गोलरक्षक वगळता कोणालाही चेंडू दोन्ही हातांनी धरता येत नाही. पकडायचा, पुढे द्यायचा, गोलात मारायचा, सारे एकाच हाताने. पाय अखंड फिरवत पाण्यात ताठ तरंगत राहायचे आणि त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याचा रेटा सोसायचा. पंचाला पाण्याच्या पृष्ठभागावरचे दिसते. पृष्ठभागाखाली कोण कोणाचा पाय ओढतो, कोण पोशाख धरून ठेवतो, हे बहुतेक वेळा ज्याचे त्यालाच ठाऊक.

वुल्फ या खेळात आला तेव्हा खेळही कात टाकत होता. पूर्वी पंचाची शिट्टी वाजली की सर्व खेळाडूंनी जागच्या जागी थांबावे, असा नियम होता. साहजिकच अंगापिंडाने दांडगे आणि सावकाश हलणारे खेळाडू त्यात शोभून दिसत. १९५० च्या सुमारास हा नियम गेला आणि शिट्टीनंतरही पोहत राहण्याची मुभा मिळाली. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होत असे. कॅलिफोर्नियातील जिमी स्मिथ या प्रशिक्षकाने १९३६ मध्ये रबरी आवरणाचा चेंडू तयार केला आणि कालांतराने तोच सर्वत्र रूढ झाला. हलका चेंडू आणि अखंड हालचाल, यांमुळे वेगवान जलतरणपटूंना या खेळाचे दार उघडले. वुल्फ काही एकटाच नव्हता. बॉब ह्यूज हा त्याचा सहकारी १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये वॉटर पोलोही खेळला आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीतही उतरला.

तरीही जलतरणपटूने वॉटर पोलो खेळणे यात एक मोठा त्याग दडलेला आहे, आणि तो माझ्या मते शारीरिक कष्टांपेक्षा मोठा आहे. जलतरणपटूजवळ स्वतःचे घड्याळ असते. रिलेमध्ये चौघे मिळून पोहत असले, तरी प्रत्येकाचे दोनशे मीटर वेगळे मोजता येतात. कोणी किती सेकंद दिले, कोणी किती घेतले, याचा हिशेब काढता येतो. वॉटर पोलोमध्ये हे घड्याळ हातातून जाते. एकाने प्रतिस्पर्ध्याला रोखून धरले म्हणून दुसऱ्याला वाट मिळाली आणि तिसऱ्याने गोल केला. नोंद मात्र तिसऱ्याच्या नावावर होते. ज्याच्या सेकंदांची दखल सतराव्या वर्षी जगाने घेतली होती, त्याने पंचविशीत अशा खेळात प्रवेश केला की जेथे त्याचे योगदान मोजण्याचे साधनच नव्हते.

शिवाय ज्या संघात तो दाखल झाला, तो जिंकणारा संघ नव्हता. वॉटर पोलोमध्ये अमेरिकेचा इतिहास मोठा विचित्र आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये केवळ अमेरिकन क्लबच खेळले आणि तिन्ही पदके तेथेच राहिली. त्यांचा तो खेळ अर्धवट फुगवलेल्या चेंडूने खेळला जाई आणि इतका धसमुसळा होता की पुढे तो मागे पडला. युरोपीय नियम स्वीकारल्यानंतर अमेरिकेने १९२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. पुढे टारझन म्हणून जगभर गाजलेला जॉनी वाइसम्युलर त्या संघात होता. दुसरे कांस्यपदक १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये मिळाले. तेव्हा त्याच शहरात वॉली वुल्फ पावणेदोन वर्षांचा होता. त्यानंतर चाळीस वर्षे अमेरिकेच्या वॉटर पोलो संघाला ऑलिंपिक पदक मिळाले नाही. वुल्फची सारी कारकीर्द या चाळीस वर्षांच्या मध्यावर येते.

तुलनेसाठी सांगावेसे वाटते की त्याच काळात आपला भारतही हा खेळ ऑलिंपिकमध्ये खेळत होता. १९४८ साली लंडनमध्ये आणि १९५२ साली हेलसिंकीत भारताचा वॉटर पोलो संघ उतरला होता. लंडनमध्ये त्याने चिलीला ७-४ असे हरवले. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने या खेळाचे सुवर्णपदकही मिळवले. नंतर आपल्याकडे ही परंपरा क्षीण झाली. अमेरिकेत ती टिकली, याचे बरेचसे श्रेय कॅलिफोर्नियाला जाते. तेथे ऊन मुबलक, शाळाशाळांतून तलाव आणि त्या तलावांवर आयुष्य वेचणारे प्रशिक्षक होते. लॉस एंजेलिसजवळचे एल सेगुंडो हे तेलशुद्धीकरण कारखान्याभोवती वसलेले लहानसे गाव. तेथील उर्हो सारी या प्रशिक्षकाने घडवलेल्या परंपरेच्या बळावर अमेरिका हेलसिंकीत चौथी आली होती. पदक एका पायरीने हुकले होते.

त्या काळातील ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खेळातून एक डॉलर कमावला, तरी खेळाडू बाद ठरे. पूर्व युरोपातील खेळाडूंना त्यांची सरकारे सैन्यात अथवा अन्य खात्यांत नेमून घेत आणि सरावाची सोय करत. अमेरिकन खेळाडूला शिक्षण संपल्यावर पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळात सराव करावा लागे. वॉटर पोलोला तर अमेरिकेत प्रेक्षकही नव्हते आणि प्रसिद्धीही नव्हती. अशा खेळासाठी वुल्फने एकदा नव्हे, दोनदा ऑलिंपिक संघात स्थान मिळवले.

त्यांपैकी पहिले ऑलिंपिक १९५६ चे, मेलबर्नचे. वॉटर पोलोच्या इतिहासात त्याइतके गाजलेले ऑलिंपिक दुसरे नाही. २३ ऑक्टोबरला हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला. त्या वेळी हंगेरीचा वॉटर पोलो संघ बुडापेस्टबाहेरच्या टेकड्यांवर सराव शिबिरात होता. दूरवरचा गोळीबार त्यांना ऐकू येत होता. संघाला तेथून हलवून चेकोस्लोव्हाकियात नेण्यात आले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टवर चाल केली आणि उठाव चिरडला गेला. आपल्या देशात नेमके काय घडले, हे या खेळाडूंना खऱ्या अर्थाने कळले ते मेलबर्नला उतरल्यावर. या आक्रमणाच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड यांनी ऑलिंपिकमधून माघार घेतली. हंगेरीचे खेळाडू मात्र आले होते.

वॉटर पोलोच्या अंतिम गटात सहा संघ पोहोचले : हंगेरी, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ, इटली, अमेरिका आणि जर्मनी. ६ डिसेंबरला हंगेरी आणि सोव्हिएत संघ समोरासमोर आले. आरंभापासून लाथाबुक्क्या चालू होत्या. हंगेरी ४-० अशी आघाडीवर होती आणि सामना संपायला थोडाच अवधी उरला होता. तेवढ्यात सोव्हिएत खेळाडू व्हॅलेंटिन प्रोकोपोव्ह याने हंगेरीच्या एर्विन झादोरच्या चेहऱ्यावर जोरदार ठोसा मारला. रक्तबंबाळ झादोर पाण्याबाहेर आला, संतप्त प्रेक्षक तलावाच्या काठापर्यंत धावून आले, पोलिसांना मध्ये पडावे लागले आणि सामना तेथेच थांबवून हंगेरीला विजयी घोषित करण्यात आले. झादोर पुढचा सामना खेळू शकला नाही. हंगेरीने तो युगोस्लाव्हियाविरुद्ध २-१ असा जिंकून सुवर्णपदक राखले. झादोर मायदेशी परतला नाही. तो कॅलिफोर्नियात गेला आणि तेथे जलतरण प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली पोहलेल्या मुलांत एक मार्क स्पिट्झ होता, ज्याने पुढे एकाच ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके मिळवली.

या साऱ्या वादळात अमेरिकेचा संघ पाचवा आला. त्याच गटात, त्याच तलावात, त्याच दिवसांत तो खेळत होता. जगाच्या वृत्तपत्रांनी मेलबर्नच्या त्या तलावाविषयी रकानेच्या रकाने लिहिले, परंतु पाचव्या क्रमांकाविषयी लिहिण्याचे कारण कोणाला पडावे? चार वर्षांपूर्वीचा चौथा क्रमांक आता पाचवा झाला होता, इतकाच त्याचा अर्थ.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. हंगेरीच्या त्या संघात देझो ग्यार्माती नावाचा खेळाडू होता. त्याचे पहिले ऑलिंपिक १९४८ चे लंडन, म्हणजे वुल्फचेही पहिलेच. ग्यार्मातीने लंडनला रौप्य, हेलसिंकीला सुवर्ण, मेलबर्नला सुवर्ण, रोमला कांस्य आणि १९६४ साली टोकियोला पुन्हा सुवर्ण मिळवले. पाच ऑलिंपिक, पाच पदके. त्याच्याबरोबरच सुरुवात करणाऱ्या वुल्फची चार ऑलिंपिक आणि एक पदक. दोघांचे ताळेबंद शेजारी ठेवले, तर निकाल सरळ आहे. परंतु ग्यार्माती ज्या देशात वाढला, तेथे वॉटर पोलो हा राष्ट्राच्या अभिमानाचा खेळ होता. जिंकणाऱ्या संघात टिकून राहण्यास असामान्य गुणवत्ता लागते आणि ती ग्यार्मातीपाशी निःसंशय होती. हरणाऱ्या संघात टिकून राहण्यास निराळे काही तरी लागते. त्याला पदक देण्याची सोय कोणत्याही स्पर्धेत नाही.

शेवटचे ऑलिंपिक रोमचे, १९६०. वुल्फ पुन्हा वॉटर पोलो संघात होता. इटलीने स्वदेशी प्रेक्षकांसमोर सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेचा क्रमांक सातवा. पाचव्यावरून सातवा. स्पर्धा संपल्यानंतर तीन आठवड्यांनी वुल्फ तीस वर्षांचा झाला. सुवर्णपदकाने सुरू झालेली ऑलिंपिक कारकीर्द सातव्या क्रमांकावर संपली.

आता प्रश्न असा की, ही बारा वर्षे वाया गेली काय? कथेचा धागा येथे एकट्या वुल्फपुरता ठेवून चालत नाही. त्याच्याबरोबरच्या पिढीकडे पाहावे लागते. मेलबर्न आणि रोम या दोन्ही ठिकाणी अमेरिकेचा गोलरक्षक असलेला बॉब हॉर्न पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. १९६९ साली अमेरिकेत महाविद्यालयांची पहिली राष्ट्रीय वॉटर पोलो स्पर्धा झाली, ती त्याच्याच संघाने जिंकली. मेलबर्नच्या संघातील जिम गॉफ्रन स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रशिक्षक झाला. हेलसिंकीच्या १९५२ च्या जलतरण चमूत वुल्फबरोबर मॉन्टी निट्झकोव्स्की नावाचा ब्रेस्टस्ट्रोक पोहणारा तरुण होता. त्याने पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वॉटर पोलो संघाची धुरा वाहिली. त्याच्या मार्गदर्शनाखाली १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने कांस्यपदक मिळवले. चाळीस वर्षांचा दुष्काळ संपला. ज्या मार्क स्पिट्झने बालपणी झादोरकडे धडे घेतले होते, त्याची सात सुवर्णपदके याच म्युनिकमधील होत. १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसमध्येच, निट्झकोव्स्कीच्या संघाने युगोस्लाव्हियाशी ५-५ अशी बरोबरी साधली आणि केवळ गोलफरकामुळे सुवर्णाऐवजी रौप्य स्वीकारले. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून सलग तीनदा अमेरिकन महिलांनी या खेळाचे सुवर्णपदक जिंकले.

१९७२ च्या पदकाचा पाया १९५६ च्या पाचव्या आणि १९६० च्या सातव्या क्रमांकात होता, असे म्हटले तर कोणी भावनावश विधान म्हणेल. मी हिशेबाच्या भाषेत सांगतो. एखादी शाखा सलग अनेक वर्षे नफा दाखवत नाही, तरी ती चालू ठेवली जाते. तेथील माणसे ग्राहक सांभाळतात, नव्या उमेदवारांना काम शिकवतात, दारावरची पाटी टिकवून धरतात. मग एके वर्षी परिसरात बाजारपेठ उभी राहते आणि शाखा नफ्यात येते. त्या वर्षाच्या व्यवस्थापकाचा सत्कार होतो आणि तो योग्यच असतो. परंतु मधल्या वर्षांत कोणी टिकून राहिले नसते, तर सत्काराला शाखाच उरली नसती. भारतीय वॉटर पोलोकडे पाहावे. १९५१ चे सुवर्ण आपल्याकडेही होते. मधली वर्षे सांभाळणारी साखळी तुटली आणि पुढचे १९७२ आपल्या वाट्याला आले नाही.

अमेरिकेच्या वॉटर पोलो संघटनेने १९७६ साली वुल्फला आपल्या सन्मान दालनात स्थान दिले. ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्या खेळात त्याला एकही ऑलिंपिक पदक मिळाले नाही, त्या खेळाने त्याचा गौरव केला. ज्यांनी रोजकीर्द पाहिली होती, त्यांनी तो केला. १९९७ च्या मार्च महिन्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, वुल्फचे निधन झाले.

वाचकहो, आपल्या घरांतून आता निकालांचे दिवस येतील. कोणाचा मुलगा, कोणाची नात गुणवत्ता यादीत झळकेल. आपण पेढे वाटू, छायाचित्र छापून आणू, आणि ते करावेही. परंतु सतराव्या वर्षी पहिला आलेला प्रत्येक मुलगा तेविसाव्या वर्षीही पहिला येईलच असे नाही. त्या दिवशी त्याला काय सांगायचे, याची तयारी आपण क्वचितच करतो. ज्या मुलाला केवळ जिंकण्याचीच सवय लावली, तो पहिल्या पाचव्या क्रमांकाला खेळच सोडून देतो. मग तो खेळ पोहण्याचा असो, अभ्यासाचा असो, वा व्यवसायाचा.

आणि आपल्यापैकी जे सेवानिवृत्त आहेत, त्यांना वुल्फची ही बारा वर्षे अधिक जवळची वाटतील. पद गेले, खुर्ची गेली, दारावरची पाटी उतरली. आता सोसायटीच्या समितीत, वाचनालयाच्या जमाखर्चात, नातवंडांच्या गृहपाठात आपण सात जणांतले एक असतो. कामाची मोजदाद कोणी ठेवत नाही. तेथे उतरायचे की जुने पदक पुसत घरी बसायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. रोमच्या तलावात उतरलेल्या वॉली वुल्फपाशी बारा वर्षांपूर्वीचे सुवर्णपदक होते. त्या पाण्यात त्याचा यत्किंचितही उपयोग नव्हता. चेंडू आला की एका हाताने तो पकडायचा आणि योग्य सहकाऱ्याकडे पोहोचवायचा, एवढेच काम होते.